तपासले किती ते कळले, आटोक्यात किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक मधुमेह दिनानंतर आपल्या जिल्हा पुरवणीत आरोग्य खात्याच्या शिबिरांच्या बातम्या आल्या. किती गावांत तपासणी झाली, किती जणांची साखर पाहिली, किती नवे रुग्ण सापडले, सगळे आकडे होते. एक मात्र नव्हता. मागच्या वर्षी याच शिबिरांत सापडलेल्यांपैकी आज किती जणांची साखर आटोक्यात आहे? बातमीदाराचा यात दोष नाही. त्याने मागितला असता तरी हा आकडा त्याला बहुधा मिळाला नसता, कारण खात्यात वरूनही तो फारसा कुणी मागत नाही.

मी ग्रामीण रुग्णालयातून औषधनिर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आढावा बैठकीचा तक्ता कसा असतो ते मला चांगले ठाऊक आहे. उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी असे तीन रकाने. उद्दिष्ट तपासणीचे, साध्यही तपासणीचेच. टक्केवारी नव्वदच्या पुढे गेली की तालुक्याचे अभिनंदन होते आणि बैठक लसीकरणाकडे वळते. ‘पोर्टलवर एन्ट्री झाली का?’ हे शंभर वेळा विचारले जाते. ‘रुग्ण परत आला का?’ हे विचारणारा अधिकारी विरळा. असे काही अधिकारी मी पाहिले आहेत, पण त्यांची बदली लवकर होते.

देशाच्या पातळीवरही हेच चित्र आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शेजारच्या गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने २०२५ अखेर मधुमेह आणि रक्तदाबाच्या साडेसात कोटी रुग्णांना प्रमाणित उपचाराखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. मार्च २०२५ पर्यंत ते ८९.७ टक्के गाठल्याचे सांगण्यात आले. त्यात मधुमेहाचे रुग्ण सुमारे अडीच कोटी. काम मोठे आहे, ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण ‘उपचाराखाली आणले’ म्हणजे नेमके काय? एकदा गोळ्या दिल्या की माणूस उपचाराखाली आला, एवढेच असेल तर माझ्या खिडकीवरून मी हजारो जणांना उपचाराखाली आणले आहे. त्यातले किती जण पुढच्या महिन्यात परत आले हे कागदावर कुठेच नाही.

न येण्याची कारणे खिडकीत बसणाऱ्याला लगेच कळतात. साठा कमी असला की महिन्याऐवजी आठ-दहा दिवसांच्या गोळ्या द्याव्या लागतात. शेतमजूर बाई आठ दिवसांनी पुन्हा रोज बुडवून एसटीने येईल, असे गृहीत धरणाऱ्याने कधी रोजंदारी केलेली नसते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत झाले, हे उत्तम झाले. पण मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची नेहमीची गोळी, संपली की ‘बाहेरून घ्या’ची चिठ्ठी मिळतेच, आणि त्या दिवशी मोफत या शब्दाचा अर्थ केस पेपरपुरता उरतो. ग्लुकोमीटर आहे पण पट्ट्या संपल्या, हाही नेहमीचा प्रकार. ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीए१सी, कुठे होते तर कुठे होत नाही. पायाची संवेदना तपासायला एक नायलॉनचा तंतू आणि दोन मिनिटे पुरतात. पण बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत चपला काढायला सांगणार कोण? रुग्ण पुन्हा दिसतो तो बोट काळे पडल्यावर. मूत्रपिंड निकामी झाले की डायलिसिसचा खर्च सरकारच उचलते आणि त्याचा हिशेब मात्र पै-पैचा ठेवला जातो.

ऊसतोडीचेही असेच. दिवाळीच्या आगेमागे बीडकडची कुटुंबे आमच्याकडच्या आणि कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांवर येतात. गावच्या उपकेंद्रात त्यांच्या शुगरची नोंद असते, गोळ्याही सुरू असतात. इथे आल्यावर सहा महिने ते ना तिकडच्या यादीत, ना इकडच्या. आभा क्रमांक, म्हणजे प्रत्येकाचा आरोग्य नोंदीचा क्रमांक, आणि पोर्टल नेमके यासाठीच आहे असे प्रशिक्षणात आम्हाला सांगितले होते. टोळीच्या कोप्यांवर जाऊन तो क्रमांक विचारणे आणि तिकडची नोंद पाहून इथे गोळ्या देणे, एवढे कुणाच्या तरी कामाच्या यादीत असायला हवे ना?

आणखी एक अडचण बाहेरच्या माणसाला दिसत नाही. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, त्यांचा साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तर वेगळ्याच खात्याचे. रुग्ण एकच, तो तिन्हीकडे फिरतो. त्याची साखर का वाढली याचा जाब मात्र तिघांपैकी कुणालाच द्यावा लागत नाही, कारण प्रत्येकाच्या हद्दीत तो थोडा थोडाच असतो.

हे बदलता येत नाही, असे कुणी म्हणेल तर मी रक्तदाबाचे उदाहरण देईन. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला आणि महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर आमचा सातारा होता. औषधे ठरावीक आणि मोजकीच, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, प्रत्येकाचे कार्ड. मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती मोजण्याची रीत. एका तिमाहीत नोंदलेले सगळे रुग्ण घ्यायचे आणि काही महिन्यांनी पाहायचे: किती जणांचा बीपी १४०/९० च्या खाली आहे, किती जणांचा नाही आणि किती जण आलेच नाहीत. तिसऱ्या रकान्याचे नुसते असणेच माणसाला कामाला लावते. न आलेल्यांना फोन जातो, आशाताई घरी जाऊन येतात. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

हिशेब साधा आहे. समजा शंभर रुग्ण नोंदले, त्यातले चाळीस परत आले आणि त्या चाळिसांपैकी तिसांची साखर आटोक्यात आहे. आलेल्यांवरून काढले तर यश ७५ टक्के, नोंदलेल्यांवरून काढले तर ३० टक्के. कोणता आकडा छापायचा हे ज्याच्या हाती आहे, त्याच्या हाती सगळेच आहे. मधुमेहाची देखरेख करायची तर छेद नोंदलेल्यांचाच हवा, आणि जो आला नाही तो आटोक्यात नाही असेच धरायला हवे. नाही तर बिघडलेले रुग्ण यादीतून गळतील आणि तालुक्याची टक्केवारी सुधारेल. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर हे भाकीत करायला ज्योतिषी लागत नाही.

यंत्रे नाहीत, प्रयोगशाळा नाहीत, एचबीए१सी परवडत नाही, असे उत्तर येईल. सगळीकडे ती तपासणी व्हायलाच हवी, पण तोवर उपाशीपोटीच्या साखरेवर हिशेब सुरू करायला काय हरकत आहे? ती तर आजही होते. होते आणि केस पेपरवरच राहते.

इंग्लंडचे उदाहरण द्यायचा मोह मला एरवी होत नाही. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या प्रतीक्षायाद्या आपणही वाचतो. पण मधुमेहाबाबत त्यांनी एक गोष्ट केली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये राष्ट्रीय मधुमेह लेखापरीक्षण होते. प्रत्येक रुग्णाचे वर्षातून एकदा एचबीए१सी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडासाठी रक्ताची आणि लघवीची तपासणी, पाय, वजन आणि धूम्रपानाची चौकशी एवढे झाले का, आणि साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ठरलेल्या मर्यादेत आले का, हे भागाभागांनुसार प्रसिद्ध केले जाते. डोळ्यांच्या तपासणीची व्यवस्था वेगळी आहे. २०१२ मध्ये सरकारी कारभार तपासणाऱ्या तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने याच माहितीच्या आधारे आरोग्य खात्याला धारेवर धरले: मधुमेहामुळे वर्षाला २४ हजारांपर्यंत मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत आणि एका भागातल्या व दुसऱ्या भागातल्या सेवेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग संसदेच्या लोकलेखा समितीने वरिष्ठ अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले. पुढे २०१५-१६ मध्ये लेखापरीक्षकांनी आणि समितीने पुन्हा तोच विषय घेतला, पहिल्या वेळच्या आश्वासनांचे काय झाले ते पाहायला. आकडे तेव्हाही फार चांगले नव्हते. पण ते सगळ्यांसमोर होते आणि उत्तर द्यायला माणूस ठरलेला होता.

आपल्या विधिमंडळातही लोकलेखा समिती आहे. महालेखापरीक्षकांचा राज्यातल्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये सभागृहात मांडला गेला. रिक्त पदे आणि औषध खरेदीतील दिरंगाई यांवर त्यात कडक ताशेरे आहेत. दोन दिवस बातम्या झाल्या. पुढे आपल्या भागाच्या एकाही आमदाराने त्यावर प्रश्न विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. पुढच्या लेखापरीक्षणात मधुमेहाचा कार्यक्रम स्वतंत्रपणे घ्यावा: किती खाटा, किती पदे यापलीकडे जाऊन, किती रुग्ण आटोक्यात आणि किती अवयव कापले गेले इथपर्यंत. हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये शंभर जिल्ह्यांत सुरू झाला. इतक्या वर्षांनंतर एवढे विचारणे घाईचे होणार नाही.

देखरेख केवळ मुंबईहूनच व्हावी असेही नाही. २००७ मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातल्या लोकांनी आरोग्य केंद्राला गुण दिले, जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडल्या. तिथे तेव्हा बोलणे व्हायचे ते मुख्यतः बाळंतपणाचे, लसीचे, केंद्रात डॉक्टर न सापडण्याचे. आज त्याच गावांत घरटी शुगर-बीपीच्या गोळ्या आहेत, तेव्हा त्याच पद्धतीत ‘गेल्या तीन महिन्यांत किती दिवस गोळ्या नव्हत्या?’ हा प्रश्न घालायला वेगळा निधीही लागणार नाही. ई-औषधी प्रणालीत साठ्याची नोंद असतेच. ती केंद्राच्या दारावरच्या फळ्यावर लिहून लावली तरी पुष्कळ झाले.

माझी आरोग्य विभागाकडे मागणी एवढीच आहे. दर वर्षी जागतिक मधुमेह दिनी, १४ नोव्हेंबरला, तालुकावार तीन आकडे प्रसिद्ध करा: वर्षापूर्वी नोंदलेले मधुमेही, त्यांपैकी आज साखर आटोक्यात असलेले आणि वर्षभरात एकदाही न आलेले. त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम असू द्या. तोवर वाचकांपैकी जे रुग्ण कल्याण समितीवर आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत हे तीन आकडे तोंडी विचारावेत आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तर तेही लिहून घ्यावे आणि त्याची प्रत आपल्या आमदारांना द्यावी.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
जि. सातारा