डिस्कोच्या इतिहासात या स्त्रिया कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या डिस्कोच्या जमान्यावरचा लेख वाचला. न्यूयॉर्कचा स्टुडिओ ५४, तिथला झगमगाट, कोण नट आणि कोण गायिका येऊन गेली, हे सारं त्यात आहे. ज्याचा एक मालक दाराशी उभा राहून कपडे नि चेहरे बघून माणसं निवडायचा, तो हा क्लब. १९७७ मध्ये तो उघडला आणि करचुकवेगिरीपायी मालक तीन वर्षांत तुरुंगात गेले. स्टुडिओ ५४ उघडण्याच्या चार वर्षं आधी, १९७३ मध्ये, लॉस एंजेलिसच्या पिको बुलेव्हार्डवर ज्युएल थाइस-विल्यम्स या कृष्णवर्णीय समलैंगिक स्त्रीने सुरू केलेला 'कॅच वन' हा नाचाचा क्लब तिच्या हाताखाली २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षं चालला. लेखात त्याचं नावसुद्धा नाही. याचं मला फार वाईट वाटलं.

तो काळ कसा होता? लॉस एंजेलिसला लागूनच असलेल्या वेस्ट हॉलीवूडमध्ये गोऱ्या समलैंगिक पुरुषांचे मोठे क्लब होते. तिथे कृष्णवर्णीय माणूस किंवा कुठलीही बाई दाराशी आली की एकाऐवजी दोन-दोन, तीन-तीन ओळखपत्रं मागायचे. गोरा पुरुष मात्र सरळ आत. "तुम्हाला प्रवेश नाही" असं तोंडाने म्हणायची गरजच पडायची नाही. कृष्णवर्णीय क्वीअर (समलैंगिक किंवा स्त्री-पुरुषाच्या रूढ चौकटीत न बसणारी) स्त्री तर दोन्हीकडून नको असलेली. स्वतः अन्याय सोसलेल्यांनी आपल्याच दाराशी हे करावं, याचा मला आजही राग येतो.

कायद्याचीही तऱ्हा तीच. कॅलिफोर्नियात १९७१ पर्यंत बाईला बारच्या काउंटरमागे दारू ओतायला कायद्याने बंदी होती. परवाना तिच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या नावावर असेल तरच मुभा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि दोनच वर्षांत ज्युएलबाईंनी स्वतःचा बार उघडला. लॉस एंजेलिसमधल्याच 'ब्लॅक कॅट' बारमध्ये १९६७ साल उजाडताना, मध्यरात्री एकमेकांचं चुंबन घेतलं म्हणून पोलिसांनी पुरुषांना पकडून नेलं होतं. अशा गावात 'कॅच वन'मध्ये दोन बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून पहाटेपर्यंत निर्धास्त नाचतात, कोण बघतंय याची धास्ती नाही, कारण गल्ल्यावर बसलेली बाई त्यांच्यातलीच. याला नुसती मौजमजा कसं म्हणायचं? आठवडाभर अंग चोरून वावरलेल्या बाईला हातपाय मोकळे करता येतील अशी जागा शहरात असणं, ही मला पाण्याच्या नळाइतकी मूलभूत सोय वाटते.

ऐंशीच्या दशकात एड्स आला, ज्यांच्यासोबत नाचले त्यांच्याच अंत्यविधीला जायची पाळी क्लबातल्या लोकांवर आली. ज्युएलबाई आणि त्यांच्या जोडीदार रू यांनी एचआयव्ही झालेल्या बेघर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांसाठी घर काढलं. पुढे ज्युएलबाई पौर्वात्य वैद्यक शिकल्या आणि २००१ मध्ये क्लबशेजारीच त्यांनी आरोग्यकेंद्र सुरू केलं. नाचाच्या जागेतून दवाखान्यापर्यंत गेलेली अशी वाट मला तरी दुसरी ठाऊक नाही.

आणि ही गोष्ट काही १९७३ मध्ये सुरू झालेली नाही. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १३३ व्या रस्त्यावर ग्लॅडिस बेंटली ही कृष्णवर्णीय समलैंगिक गायिका पांढरा टक्सिडो आणि उंच टोपी घालून रात्र रात्र पियानो वाजवायच्या, लोकप्रिय गाण्यांना चावट शब्द जोडायच्या, समोर बसलेल्या बायकांशी खुशाल लाडीगोडी करायच्या. शहरभरातून लोक त्यांना ऐकायला यायचे. पुढे त्या कॅलिफोर्नियात गेल्या, तर तिथे कार्यक्रमात स्कर्टऐवजी पँट घालायची म्हणून सरकारी परवानगी काढावी लागली! १९५२ मध्ये एका मासिकात त्यांनी लिहिलं की आपण आता पुन्हा 'स्त्री' झालो आहोत. सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेत समलैंगिकांनाही लक्ष्य केलं जात होतं; त्या भयाच्या वर्षांत त्यांनी हे कशापायी लिहिलं असेल, याचा विचार करूनच जीव गलबलतो.

आपल्या वाचकांना हे परकं वाटायचं कारण नाही. २००५ मध्ये महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली, तेव्हा त्याच कायद्यात तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. नाच तोच, साध्या बारमध्ये अनैतिक आणि पंचतारांकित हॉटेलात चालेल. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा भेदभाव अमान्य केला. बारबालांचं दुःख आणि कृष्णवर्णीय क्वीअर स्त्रियांचं दुःख एकच आहे असं मी म्हणत नाही. एकीकडे पोटाचा प्रश्न होता, दुसरीकडे उघडपणे प्रेम करण्याचा. पण रात्री शहरात कोणत्या बाईने कुठे नाचावं हे परस्पर ठरवणारे दोन्हीकडे होतेच, आणि त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

ज्युएलबाई जुलै २०२५ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी गेल्या. 'कॅच वन'समोरच्या चौकाला लॉस एंजेलिसने त्या हयात असतानाच त्यांचं नाव दिलं होतं. आपल्या लेखमालेचा पुढचा भाग येणार आहे असं खाली छापलं होतं. त्यात त्यांच्यावर आणि ग्लॅडिस बेंटलींवर छायाचित्रांसह सविस्तर लिहावं, चौकटीत उरकू नये, ही आग्रहाची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे