सूचना: रविवारी लेआउटची चौकट बांधायची आहे

सभासद मित्रहो,

आपल्या भोर घाटाच्या मॉडेल रेल्वेच्या एचओ (म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराच्या) लेआउटची नवी लाकडी चौकट येत्या रविवारी सकाळी ९ वाजता बांधायला घेतोय.

गेल्या पावसाळ्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. ६ मिमी प्लाय मधोमध बसला, सांध्यावर रूळ केसभर वर आला आणि गाडीचा तिसरा डबा दर फेरीला तिथेच घसरला. इंजिन, रूळ ठणठणीत होते. दोष खालच्या लाकडाचा.

म्हणून यंदा घाई नको. १८ मिमी मरीन (ओलाव्यात टिकणाऱ्या) प्लायच्या चार इंची पट्ट्या कापून आणल्या आहेत. आडव्या पट्ट्या दर १६ इंचांवर येतील. फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही हवेत. आधी ड्रिलने भोक, मगच स्क्रू, नाहीतर प्लायच्या कडेचे पापुद्रे सुटतात. वायरींची भोकंही जोडणीआधीच पाडू. नंतर खाली झोपून पाडताना भुसा थेट डोळ्यात जातो. कोपरे गुण्याने (काटकोन तपासायच्या साधनाने) तपासा आणि दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आल्याशिवाय पुढचा स्क्रू पिळू नका.

पायांना तिरके टेकू लागतीलच. हॉलची फरशी सपाट नाही, त्यामुळे पायांच्या तळाशी बोल्ट बसवून पातळी जुळवू. घाटाचा १:३७ चढ म्हणजे आठ फुटांत सुमारे अडीच इंच; चौकटच कलली तर तो चढ खोटा ठरेल.

ड्रिल, स्पिरिट लेव्हल, सी-क्लॅम्प असतील त्यांनी आणावेत. शेवटी कापलेल्या कडांना प्रायमर लावायचाय, जुने कपडे घालून या.

– सचिव