अंबर लागर एवढी गार कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

गोव्यात बियर म्हणजे पिवळी आणि गारेगार, उन्हातनं आलं की घटाघटा संपवायची. पण आता आपल्याकडचे क्राफ्ट ब्रुअरीवाले, म्हणजे थोडी थोडी बियर स्वतः बनवणारे, जर्मन पद्धतीची अंबर लागर (थंडाव्यात मुरवलेली तांबूस बियर) पण देतात, परवा पणजीत प्यायलो, रंग एकदम तांबूस, वास भाजलेल्या पावाच्या कडेसारखा, आधी थोडी गोडसर लागते आणि मग घोट कोरडा संपतो, कडूपणा बेताचाच. ही सगळी म्युनिक माल्टची, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाची करामत, साखर-बिखर नाही हो!

जर्मनीत हिला मेर्त्सन म्हणतात. बव्हेरियात 1553 पासून उन्हाळ्यात बियर बनवायला बंदी होती, म्हणून मार्चमध्येच जरा कडक करून थंड तळघरात ठेवायचे. म्हणजे ती महिनोन्‌महिने मुरायची, आणि आपले बारवाले ती फ्रीजरमधल्या ग्लासात ओततात, मग माल्टची चव लागणार कशी? 7-8 डिग्री पुरे की. बारवाल्याला सांगितलं तर म्हणाला, गिऱ्हाईक गरम म्हणून परत करतं. त्याचंही खरंच आहे म्हणा.

तरी साधा ग्लास मागितला तर द्या, आणि बियर कधी भरली ती तारीख मेनूवर टाका, एवढं तुमच्या पेपरातून ब्रुअरीवाल्यांपर्यंत पोचवा. सोबत तळलेले मोडसो मासे मागवा, मस्त जमतं.

— एक वाचक, फोंडा