कॅमेरा घेण्याआधी: चि. मुक्तास

नाशिक

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू कळवलेली दोन्ही कॅमेऱ्यांची नावं नीट पाहिली: सोनीचा आरएक्स १०० मार्क ७ आणि कॅननचा जी ७ एक्स मार्क ३. दोन्ही जुलै २०१९ मध्ये जाहीर झालेले. दोन्हींचा सेन्सर एक इंची, दोन्ही २०.१ मेगापिक्सेल, सोनीचं वजन ३०२ ग्रॅम तर कॅननचं ३०४. कागदावर जुळी भावंडं दिसतात, म्हणूनच तू अडलीस. खरा फरक भिंगात आहे, आणि तुझ्या प्रबंधाचा विषय भूमिज शैलीची देवळं (शिखरावर लहान शिखरांच्या उभ्या ओळी असणारी) असल्यामुळे तोच फरक तुला पदोपदी जाणवणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. ‘एक इंची’ सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या जाडीवरून चिकटलेलं आहे, त्यामुळे पट्टी लावून मोजायला जाऊ नकोस. दोन्हीकडे तो सारखाच आहे एवढं पुरे.

आता भिंग. सोनीचं २४ ते २०० मिमी, कॅननचं २४ ते १०० मिमी (दोन्ही आकडे ३५ मिमी फिल्मच्या हिशेबातले). म्हणजे सोनी दुप्पट लांबचं ओढून आणतो. पण त्याचं अ‍ॅपर्चर २४ ला एफ २.८ आणि शेवटाला एफ ४.५ (अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं). कॅननचं २४ ला एफ १.८ आणि १०० ला एफ २.८. आकडे जवळजवळचे दिसतात म्हणून फसू नकोस, इथे वर्गाचा हिशेब चालतो. २.८ भागिले १.८, त्याचा वर्ग जवळजवळ २.४. म्हणजे एकाच जागी उभं राहून कॅनन सोनीच्या सुमारे अडीचपट उजेड आत घेतो. १०० मिमीवर सोनीचं भिंग एफ ४ च्याही पुढे गेलेलं असतं, तिथेही फरक दुपटीहून जास्तच.

अंबरनाथचं देऊळ डोळ्यासमोर आण. शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं. गाभारा मंडपाच्या जमिनीपेक्षा खोल, पायऱ्या उतरून जायचं, आणि दगड काळा पाषाण. मंडपातल्या एखाद्या खांबावर कॅननला एफ १.८, आयएसओ ८०० (सेन्सर उजेड किती वाढवून धरतो तो आकडा) आणि शटर १/१५ सेकंद पुरतंय असं समज. तोच फोटो सोनीवर काढायचा तर आयएसओ २००० करावा लागेल किंवा शटर १/६ वर आणावं लागेल. २४ मिमीवर १/६ एक वेळ निभावेल, कारण दोन्ही कॅमेऱ्यांत भिंग स्थिर ठेवायची सोय आहे आणि खांब काही हलत नाही. पण तुला खांबावरचं कीर्तिमुख (कोरलेलं राक्षसी तोंड) जवळ घ्यायचंय, द्वारशाखेवरची (दाराच्या चौकटीच्या कोरीव पट्टीवरची) बोटभर आकृती हवीय. तिथे १०० मिमीवर कॅनन एफ २.८, आयएसओ १६००, १/३० असेल, तर सोनीला त्याच शटरवर आयएसओ ४००० च्या घरात जावं लागतं. एक इंची सेन्सरवर ४००० ला सावलीत दाणे येतात. कॅमेरा ते दाणे पुसायला जातो आणि त्यांच्याबरोबर छिन्नीच्या रेघाही पुसतो. तुझ्या प्रबंधाला त्या रेघाच हव्या आहेत.

ट्रायपॉड लावला की प्रश्न मिटेल असं म्हणशील. पण पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, आणि अजिंठ्यासारख्या ठिकाणी फ्लॅश चालतच नाही. हातात धरूनच काम करायचंय असं गृहीत धर. त्यावर एक स्वस्तातली युक्ती म्हणजे जाड सुती कापडाची छोटी पिशवी शिवून तीत पाव किलो मूग भरायचे. कठड्यावर, पायरीवर, खांबाच्या तळखड्यावर ती ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा. बटण दाबण्याचा हिसका तेवढ्यात विरतो. मूर्तीवर किंवा पूजेच्या जागी मात्र काही टेकवू नकोस, आणि गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी गुरवांना विचारत जा.

आता सोनीच्या बाजूने बोलते, कारण ती बाजूही खरी आहे. सिन्नरच्या गोंदेश्वराचं शिखर शाबूत आहे. त्यावरच्या लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी खालून टिपायच्या तर २०० मिमी हवंच असं वाटतं. पण हिशेब करून बघ. कॅननचा फोटो ५४७२ बाय ३६४८ पिक्सेलचा. १०० मिमीवर काढून मधला भाग कापला आणि २०० मिमीइतका भाग ठेवला, तर २७३६ बाय १८२४ उरतात, म्हणजे पाच मेगापिक्सेल. छापताना इंचाला ३०० ठिपके धरले तर २३ बाय १५ सेंटीमीटर. प्रबंधाच्या पानाला हे पुरून उरतं. शिखर उन्हात असतं, आयएसओ १२५ वर फोटो स्वच्छ येतो, त्यामुळे कापूनही तो टिकतो. अंतराची तूट अशी बऱ्याच अंशी भरून काढता येते. गाभाऱ्यात न आलेला उजेड मात्र नंतर कुठूनच आणता येत नाही. माझा कौल कॅननकडे आहे तो यामुळेच.

शिलालेखांच्या बाबतीत दोघे जवळजवळ बरोबरीचे. १०० मिमीवर कॅनन ४० सेंटीमीटरपर्यंत जवळ जातो आणि साधारण १४ सेंटीमीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो. सोनी २०० मिमीवर एक मीटरच्या आत फोकस करत नाही, पण ओढ दुप्पट असल्याने त्यातही १८ सेंटीमीटरचा भाग मिळतो. अक्षरं उठून दिसणं कॅमेऱ्यापेक्षा उजेडाच्या कोनावर ठरतं. टॉर्च समोरून मारलास तर अक्षरं दगडात बुडून जातील. एका बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून, १० ते १५ अंशांत उजेड सोड म्हणजे प्रत्येक रेघेच्या कडेला सावली पडते. मग टॉर्च वरच्या बाजूला नेऊन दुसरा फोटो घे. आडव्या रेघा एकात दिसतात, उभ्या दुसऱ्यात.

सोनीत दोन गोष्टी अशा आहेत की कॅनन घेतल्यावर त्यांची उणीव तुला खरोखर जाणवेल. पहिली म्हणजे त्याचा व्ह्यूफाइंडर, डोळा लावून बघायची जागा. डाव्या कोपऱ्यातून वर येणारी ती छोटी खिडकी कॅननला नाहीच. एप्रिलच्या दुपारी देवळाच्या आवारात उभी राहिलीस की स्क्रीनवर स्वतःचा चेहराच दिसतो. त्यावर इलाज म्हणजे स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवणं, डोक्यावर काळी छत्री धरणं आणि बाहेरचं काम सकाळी दहाच्या आत उरकणं. तिरप्या उन्हात शिल्पही त्याच वेळी चांगलं दिसतं. दुसरी म्हणजे फोकस. सोनी ३५७ बिंदूंवर फेज पद्धतीने फोकस पकडतो. कॅनन कॉन्ट्रास्टवर चालतो, त्यामुळे अंधारात पुढे-मागे चाचपडतो आणि कधी हिरवी चौकट दाखवूनही चुकलेला असतो. एकच छोटा बिंदू निवडून तो दगडाच्या कडेवर ठेव, सपाट पृष्ठभागावर नको. तरी जमलं नाही तर टॉर्चने कड उजळ, फोकस धर आणि मग टॉर्च विझव. पक्षी, पालखी, लेझीम असलं हलणारं काही तुझ्या कामात असतं तर मी डोळे झाकून सोनी घे म्हटलं असतं.

कॅननच्या माथ्यावर एक्स्पोजर कमी-जास्त करायची वेगळी चकती आहे, ती तुला दिवसभर लागेल. काळा दगड चौकटभर असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, मग तो उजेड वाढवतो आणि पाषाण राखाडी, धुतलेला दिसतो. चकती उणे २/३ ते उणे १ वर ठेव. शेंदूर लावलेल्या मूर्तीला तर हे हवंच. तिथे लाल रंग इतका भरतो की नाकडोळे सपाट होतात, आणि एकूण फोटो ठीक दिसत असल्याने चूक घरी आल्यावर कळते. तेवढ्यासाठी स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखात (हिस्टोग्राममध्ये) लाल रंग वेगळा बघायची सवय लाव. फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपेग दोन्हींत काढ. दोन्ही मिळून एका फोटोला ३० एमबी धरलेस तर ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारांच्या आसपास बसतात. ६४ ची दोन कार्डं घे, १२८ चं एक नको.

अ‍ॅपर्चर फार बारीक करू नकोस. मोठ्या कॅमेऱ्यांच्या पुस्तकांत वास्तूसाठी एफ ११ सांगतात, ते इथे लावायचं नाही. या सेन्सरवर एफ ४ ला जेवढी खोली स्पष्ट मिळते तेवढी मोठ्या सेन्सरला एफ ११ ला मिळते, आणि एफ ५.६ च्या पुढे गेलीस की बारीक छिद्रातून प्रकाश पसरून सगळंच मऊ पडतं. बाहेर एफ ४, आत लागेल तसं १.८ पर्यंत. १.८ ला कॅननचे कोपरे मऊ येतात, म्हणून शिल्प मध्याजवळ ठेव.

२४ मिमीवर दोन्ही भिंगं कडेच्या रेषा पिंपासारख्या फुगवतात आणि सॉफ्टवेअर त्या सरळ करतं. बघायला ठीक, मापासाठी नाही. भिंतीचा समोरून घेतलेला फोटो, ज्यावरून तू रेखाचित्र काढणार, तो ३५ ते ५० मिमीवर मागे सरकून घे. स्क्रीनवर जाळी चालू ठेव, कॅमेरा वर-खाली कलू देऊ नकोस आणि मोजपट्टी शिल्पाच्याच पातळीत धर, हातभर पुढे नको.

छतासाठी एक खास गोष्ट सांगते. दोन्हींचा स्क्रीन वर उलटून १८० अंश फिरतो. कॅमेरा रुमालावर पाठीवर झोपव, भिंग वितानाकडे (कोरीव छताकडे), आणि स्क्रीन उलटवलास की तोही वरच बघतो. मग उभ्या उभ्या वाकून चौकट जुळवता येते. छत भिंगापासून चार मीटरवर असेल तर २४ मिमीवर सहा बाय चार मीटरचा भाग येतो. आयएसओ १२५, टायमर दोन सेकंद, शटर लागेल तेवढं लांब. इथे अंधाराची काहीच अडचण उरत नाही, आणि सोनीही तेवढाच चांगला.

बॅटरी दोन्हींची लहान. कंपनीच्या चाचणीत सोनी २६० फोटो देतो, कॅनन २३५. दिवसभराच्या कामाला एकूण तीन हव्यात. कॅननला टाइप-सी आहे, पण चार्जर आणि पॉवर बँक पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेली घे, साध्यावर तो अडून बसतो. सोनीला अजून जुनी मायक्रो पिन आहे.

या जातीचे कॅमेरे मरतात ते धुळीने. भिंग आत-बाहेर करताना हवा ओढतं, हवेबरोबर माती जाते, आणि एखादा कण नळीत अडकला की भिंग अर्ध्यावर थांबून एरर येते. सेन्सरवर बसलेली धूळ घरी काढता येत नाही, सगळं भिंग उघडावं लागतं. म्हणून खिशात सुटा ठेवू नकोस, झिपची कापडी पिशवी वापर. चामड्याची नको, तिला पावसाळ्यात बुरशी धरते. जून ते ऑक्टोबर तो हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर राहू दे, आणि जेलचे दाणे रंग बदलले की गरम करून कोरडे कर. दोन्ही कॅमेऱ्यांना पावसापासून संरक्षण नाही.

किमतीचं. जाहीर झाले तेव्हा सोनी १,२०० डॉलरच्या घरात होता, कॅनन ७५० च्या. पुढे तरुण मुलामुलींत कॅननचं वेड पसरलं आणि तो मिळेनासा झाला, त्यामुळे काही विक्रेते वाटेल ती किंमत लावतात. जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी नसेल तर घेऊ नकोस, कितीही स्वस्त असला तरी.

दुकानात पंधरा मिनिटं माग. भिंतीवर वर्तमानपत्राचं पूर्ण पान चिकटवून समोरून २४ वर आणि १०० वर एफ २.८ ला फोटो घे, मग चारही कोपरे मोठे करून बघ. चारही थोडे मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा पुसट असेल तर भिंग वाकडं बसलंय, दुसरा नग माग. एफ ११ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो घे, काळे ठिपके दिसले तर धूळ आहे. झूम पाच-सहा वेळा आत-बाहेर कर, करकर ऐकू येता कामा नये. आणि दुपारी जा, म्हणजे स्क्रीन उन्हात नेऊन बघता येईल. उन्हातला तो स्क्रीन तुला अजिबातच सोसणार नाही असं वाटलं तर घाईने काही घेऊ नकोस, आधी मला फोन कर. वर्तमानपत्राच्या रॉ फायली पाठव, मी इथे उघडून बघते.

पैसे दसऱ्याआधी खात्यात जमा करते.

तुझी,
आई