सुमे, टाच ऐकू आली

ठाणे, रविवार रात्र

प्रिय सुमे,

चार महिने तुझा एकही फोन घेतला नाही. रागाव, पण पत्र वाच. हे तुलाच सांगायचंय, कारण पावलांचा आवाज तुला कळतो.

परवा बंट्या ट्रेडमिलवर चालत होता. अंगात पट्ट्यांचं जाकीट, त्याने वरून अंगाचं थोडं वजन पेललेलं, फिजिओताई खाली बसून डावा घोटा धरतायत. मी डोळे मिटून ऐकत होते. अपघातापासून डावा चवडा आधी घासत पडतो आणि त्या पायाचा भरवसा नाही म्हणून उजवा घाईने टेकतो. खस्स, ठप. परवा डावी टाच आधी पडली. सलग ११ पावलं, अगदी लयीत! गॅदरिंगला ‘हिला ताल नाही’ म्हणून तूच मला मागच्या रांगेत ढकललं होतंस. ते मी अजून विसरलेले नाही. आता बोल.

मग तो खाली उतरला आणि फरशीवर पुन्हा खस्स, ठप.

तेव्हापासून झोप नाही. ती चाल त्याची की ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्याची? ताई म्हणतात, टेकलेल्या पायाला पट्टा मागे नेतो, मांडी मागे ताणली गेली की पाय उचलायची खूण मिळते. जमिनीवर ते त्याचं त्यालाच करावं लागतं, वर तोलही सांभाळायचा. म्हणून उतरल्याबरोबर जमिनीवर चालवायचं. आम्ही तलावपाळीला नेतो. भेळेची गाडी दिसली की लक्ष तिकडे आणि पाय पुन्हा फरफटतो. पण हसतो गं, तेव्हा मला रागवता येत नाही.

रात्री वाचत बसते. २००९ साली एक अभ्यास आला होता. दोन पट्ट्यांचा ट्रेडमिल, प्रत्येक पायाला वेगळा वेग. त्यावर चाललेल्यांचा अर्धा मेंदू शस्त्रक्रियेने काढलेला किंवा उरलेल्या मेंदूपासून वेगळा केलेला होता. तरी त्यांनी पावलं जुळवून घेतली आणि वेग सारखे केल्यावरही तो बदल थोडा वेळ राहिला. थोडाच वेळ. त्या ‘थोडाच’पाशी मी अडकून बसलेय. रोज थोडा थोडा साठेल का, सुमे?

माझी पाठ ठीक आहे. तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? तुझ्या नाचाच्या नव्या वर्गात किती मुली आल्या?

शनिवारी ये. तलावपाळीच्या कडेने तू टाळीने ठेका धर, सावकाश, तीनतालाचा. मी त्याचा डावा हात धरते. भेळ नंतर.

तुझी,
नंदी