बास्क किनाऱ्यावरील सायकल-सहल आणि चढांचा हिशेब

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशातील सायकल-सहलींविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत येणारा मजकूर मी आवडीने वाचतो. २०२३ साली टूर द फ्रान्स ही शर्यत स्पेनमधील बिल्बाओ येथून सुरू झाली, तेव्हापासून आपल्याकडील सायकलस्वारांच्या बोलण्यात स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील बास्क प्रदेशाचे नाव वरचेवर येऊ लागले आहे. मात्र तिथल्या सहलीचे बेत ज्या पद्धतीने आखले जातात, ते पाहून चार शब्द लिहावेसे वाटले. दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल-फेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत सहज पूर्ण करणारी आपली मंडळी बिल्बाओ ते सान सेबास्तियान हे जेमतेम शंभर किलोमीटरचे अंतर नकाशावर पाहतात आणि दीड-दोन दिवसांत हा किनारा उरकता येईल असे ठरवून मोकळी होतात. द्रुतगती मार्गाने ते अंतर तेवढेच आहे हे खरे, परंतु एपी-८ या मार्गावर सायकलीला मज्जाव आहे, आणि किनाऱ्याच्या रस्त्याची गोष्ट अगदी निराळी आहे.

या किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रात उतरतात आणि नद्यांनी ते ठिकठिकाणी कापले आहेत. ओरिओ, सुमाया, देबा, ओंदारोआ ही गावे अशा नद्यांच्या मुखाशी वसलेली असल्यामुळे प्रत्येक गावाला समुद्रसपाटीपर्यंत उतरायचे आणि लगेच पुन्हा वर चढायचे, असा दिवसभराचा क्रम राहतो. कोकणात सागरी मार्गाने खाडीमागून खाडी ओलांडत ज्यांनी सायकल चालवली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. एकही चढ आल्प्ससारखा लांब नाही. त्यामुळे कागदावर तो क्षुल्लक दिसतो. थकवा येतो तो चढांच्या संख्येने. म्हणून सामान लादलेल्या सायकलीवर दिवसाला तीस ते चाळीस किलोमीटरच धरावेत आणि चार दिवस हाताशी ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात फ्रान्सच्या सीमेवरील ओंदारिबियापासून करून पश्चिमेकडे जावे. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि पश्चिमेकडे जाताना समुद्रही उजव्या हाताला येतो, त्यामुळे सायकलस्वार कायम पाण्याच्या बाजूला राहतो. वारा अनेकदा पश्चिमेकडून, म्हणजे समोरून येतो, हा या दिशेचा तोटा. तो मी तरी पत्करीन. पहिल्याच दिवशी हाइस्किबेलचा चढ लागतो. सुमारे आठ किलोमीटरची सरासरी पाच टक्क्यांची ही चढण ४५५ मीटरपर्यंत नेते. १९८१ पासून भरणाऱ्या सान सेबास्तियानच्या एकदिवसीय शर्यतीने ती प्रसिद्ध केली आहे. पलीकडे उतरल्यावर पासाइआ बंदरात दोन्ही काठांवरच्या वस्त्यांमध्ये एक छोटी होडी ये-जा करते. ती सायकलही घेते आणि बंदराला वळसा घालण्याचे श्रम वाचवते. संध्याकाळी सान सेबास्तियानला पोहोचावे आणि मुक्काम करावा.

दुसऱ्या दिवशी इगेल्दोची धार चढून ओरिओ आणि सराउत्स गाठल्यावर एन-६३४ हा जुना महामार्ग लागतो. नाव ऐकून घाबरायला होते, परंतु लांब पल्ल्याची अवजड वाहतूक एपी-८ वर गेल्याने तो बऱ्यापैकी मोकळा झाला आहे. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारचा अपवाद मात्र धरावा. सराउत्स ते सुमाया हे सुमारे दहा किलोमीटर या संपूर्ण किनाऱ्यातील सर्वांत सपाट आणि, मला विचाराल तर, सर्वांत देखणे आहेत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठड्यापलीकडे समुद्र, आणि मधोमध गेतारिया हे बंदर. पहिली पृथ्वीप्रदक्षिणा १५२२ मध्ये पूर्ण करणारा हुआन सेबास्तियान एल्कानो याच गावचा. सुमायाला लवकर पोहोचावे, कारण तिथले उभे केलेले खडकांचे थर ओहोटीच्या वेळीच नीट पाहता येतात. डायनोसॉर नष्ट झाले त्या, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळाची सीमारेषा इत्सुरुनच्या पुळणीवरील कड्यात दिसते. तेव्हा त्या दिवसाचा बेत आखताना भरती-ओहोटीचे वेळापत्रक जवळ हवे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बिल्बाओ आणि सान सेबास्तियान यांना जोडणारी एउस्कोत्रेनची अरुंद मार्गाची रेल्वे सराउत्स, सुमाया आणि देबा येथे थांबते, आणि तिच्यात सायकल नेता येते. गर्दीच्या वेळी जागा मिळेलच असे नाही. मात्र देबानंतर ती किनारा सोडून आत एइबारकडे वळते. पुढची मुत्रिकु, ओंदारोआ, लेकेइतिओ, एआ आणि एलांचोबे ही गावे रेल्वेवर नाहीत, आणि नेमका हाच टप्पा सर्वाधिक चढ-उतारांचा आहे. रेल्वे पुन्हा भेटते ती गेर्निकाला. त्यामुळे ज्यांचे पाय देबापर्यंतच बोलू लागतील, त्यांनी तिथेच गाडी पकडावी. 'बघू पुढे' असे म्हणून मुत्रिकुचा चढ सुरू करू नये. सुमाया ते देबा हा इत्सिआरवरून जाणारा चढही टाळायचा असेल तर रेल्वे अवघ्या काही मिनिटांत पलीकडे सोडते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. एलांचोबेची चढण किती उभी आणि जागा किती अपुरी याची कल्पना यावी म्हणून सांगतो: तिथल्या चौकात बस वळवायला जागा नसल्याने ती एका फिरत्या तबकडीवर उभी करून फिरवावी लागते.

काही व्यावहारिक गोष्टी थोडक्यात. भाड्याच्या सायकलीला तिथे पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे तो बहुधा उजव्या हाताला. पहिल्या उतारापूर्वी मोकळ्या जागेत हात बसवून घ्यावा. गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट वापरण्याचा नियम आहे, तर मोटारचालकांना सायकलस्वारापासून किमान दीड मीटर अंतर ठेवूनच पुढे जावे लागते. पाऊस तिथे वर्षभर पडतो, म्हणून जून किंवा सप्टेंबरमध्येही पावसाळी जाकीट सोबत असावे; ऑगस्टमध्ये मात्र राहण्याच्या जागांची मारामार असते. दुपारचे जेवण साधारण साडेतीननंतर मिळत नाही आणि रात्रीचे साडेआठच्या आत नाही. शाकाहारी माणसाला मधल्या वेळेत बटाट्याचे जाड ऑम्लेट चालत असेल तर उत्तम. नाहीतर तळलेल्या गेर्निका मिरच्या, इदिआसाबालचे चीज आणि पाव यांवर निभवावे लागते. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा खाऊ शनिवारीच घेऊन ठेवावा.

शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामांच्या नोंदी द्याव्या लागत असल्याने रोजचे टप्पे इथे बसूनच ठरतात. म्हणूनच रद्द करता येतील अशाच खोल्या घ्याव्यात, आणि आपणांसही विनंती की, अशा सहलींचा मजकूर छापताना प्रत्येक टप्प्याच्या किलोमीटरशेजारी एकूण चढाईचे मीटर आणि जवळचे रेल्वे स्थानकही द्यावे. एका ओळीची जागा लागेल.

कळावे,
आपला नम्र,
एक सायकलप्रेमी वाचक, पुणे