मंदार घरी येण्याआधी

कोथरूड, पुणे

प्रिय सुधीर,

सोमवारी मंदार व्यसनमुक्ती केंद्रातून, दारू सोडून, घरी येतोय. 'आम्ही आता नेमकं काय करायचं?' असं विचारलंस, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी गोळीचं. डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवायला देतात ती गोळी त्याच्या नकळत कुटून वरणात घालायचा काकूंचा बेत असेल, तर तो आजच मोडून काढ. या गोळीनं पिण्याची इच्छा मरत नाही. प्यायलं की शरीरात दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं, गोळीमुळे ते पुढे फुटायचं थांबतं आणि रक्तात साचतं. मग चेहरा लालबुंद, उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. हृदय अधू असलं तर जिवावर बेततं. शेवटच्या गोळीनंतरही हा परिणाम 14 दिवसांपर्यंत राहू शकतो. ज्याला गोळीचा पत्ताच नाही, तो बाहेर बिनधास्त पिणार. डॉक्टरांनी दिलीच असेल तर मंदारनं स्वतःच्या हातानं, वहिनींसमोर, सकाळच्या चहाबरोबर घ्यावी. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, बाटलीवरचं वाचून घ्या.

दुसरं, दारातली तपासणी. पिशवी घ्यायच्या निमित्तानं जवळ जाऊन तोंडाचा वास घेणं त्याला लगेच कळतं. सुरुवातीचे काही आठवडे झोप लागत नाही, चिडचिड होते. घरचे म्हणतात, 'प्यायलाय.' न पिता आळ आला की प्यायला आयतं निमित्त मिळतं. शंका आली तर सरळ विचारा, पण जेवताना नको आणि पोरांदेखत तर नकोच.

पैशांत मात्र कडक राहा. पहिले तीन महिने पगार वहिनींच्या खात्यात आणि रोजचा खर्च त्याच्या हातात, पण हे त्याच्याशी बोलून, कागदावर लिहून. उधारी तू परस्पर फेडू नकोस. यादी त्याला करू दे, हप्ते त्यानं ठरवावेत. ऑफिसला 'ताप आलाय' असे फोन यापुढे बंद.

घसरला तर? एका दिवसाची घसरण असेल तर आरडाओरडा न करता दुसऱ्या दिवशी समुपदेशकाकडे न्या. आठ-दहा दिवस पीत राहिला असेल तर खोलीत कोंडून एकदम बंद करायला लावू नका. थरथर काही तासांत सुरू होते, फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. अशा वेळी हॉस्पिटलच गाठायचं. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी तिथल्या डॉक्टरांना दारूचं स्पष्ट सांगा, म्हणजे ते बी-1 जीवनसत्त्व आधी देतील. लाजेपायी हेच लपवलं जातं.

दारू सुटून महिना झाला तरी उदासी हटत नसेल, तर तो आळस समजू नका, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. मरणाची भाषा आली तर त्याला एकटं सोडायचं नाही. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फ्रिजवर लावून ठेव. चोवीस तास असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि वहिनी? त्यांच्याकडे कुणीच बघत नाही. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या पुण्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. मंदार नाही म्हणाला तरी त्यांनी जावं.

गणपतीत मंडळाची वर्गणी, ढोलपथक, विसर्जनाची रात्र: जुनी टोळी तिथंच भेटणार. यंदा मिरवणूक सुरू व्हायच्या आधीच त्याला घेऊन माझ्याकडे जेवायला ये. भरल्या वांग्यांचं मी बघतो.

तुझा,
अविनाश